लिंबू सरांचा उतारा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार रस्ते मिळतात. तिथं दर अमावास्येला कुणी ना कुणी उतारा ठेवतंच. कुंकू लावलेलं लिंबू, नारळ, दहीभात, कधी कणकेची बाहुली. सिडकोत राहणारी शिकलेली माणसं, दारात गाड्या, पोरं पुण्याला कंपनीत, पण सून दोन दिवस बोलली नाही की लिंबू चौकात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काकासाहेब तुपे पिशवी घेऊन तिथं हजर. नारळ ते जागेवरच फोडून खायचे आणि लिंबं घरी न्यायचे. त्यांच्या घरी मी आजवर जेवढं सरबत प्यायले, ते सगळं लोकांच्या इडापिडेचं होतं. माझी तब्येत उत्तम आहे.

मी करुणा. त्यांच्या समोरच्या घरात राहते, एका कॉलेजात कारकून आहे. नावाला शोभेल असं माझ्यात काही नाही, हे गल्लीत कुणीही सांगेल. त्यामुळं तुपे सरांबद्दल मी जे सांगेन त्यात फुलं उधळलेली नसतील.

सरांनी एकतीस वर्षं फुलंब्रीच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. रोज एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. पोरांनी त्यांचं नाव लिंबू सर पाडलं, कारण धडा उष्णतेचा असो की बेडकाचा, तास लिंबावरच संपायचा. एका जत्रेत अंगात आलेल्या बाईला त्यांनी भर गर्दीत थर्मामीटर लावलं. एकशे तीन ताप निघाला आणि देवी सरळ दवाखान्यात गेली. सरांना सगळ्यात जास्त राग होता तो ‘नसतं’ या शब्दाचा. संध्याकाळी नखं कापायची नसतात म्हटलं की सर नेलकटर मागवायचे. मांजर आडवं गेल्यावर पुढं जायचं नसतं म्हटलं की ते त्याच रस्त्यानं दोनदा जायचे. घरात एवढ्या गोष्टी मुद्दाम उलट्या व्हायच्या की त्यांच्या बायकोला, साळूकाकूंना, हवं ते करून घ्यायला फक्त ‘नसतं’ म्हणावं लागायचं. शनिवारी माळा झाडायचा नसतो, असं त्या म्हणाल्या की तासाभरात माळा स्वच्छ.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे तिबेट.

दर वर्षी दिवाळीनंतर शहरात तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार लागतो. आमच्याकडे थंडी जेमतेम पंधरा दिवस पडते, बाजार मात्र तीन महिने चालतो. तीसेक वर्षांपूर्वी एकदा, सरांनी तिथून घेतलेला स्वेटर उसवला. वर्षभर घातलेला स्वेटर, पावती हरवलेली, तरी सर भांडायला गेले. दुकानावर बसलेल्या बाईनं स्वेटर उलटा करून बघितला, ‘टाका चुकला’ म्हणाली आणि दुसरा काढून दिला. टाका लुधियानाच्या कुठल्यातरी कारखान्यातला, पण चूक हिनं आपली मानली. सर घरून भांडण पाठ करून गेले होते, ते सगळं वाया गेलं. आता आलोच आहोत तर म्हणून त्यांनी तिला गाव विचारलं. गाव कुठलं हे सांगायला तिला दीड तास लागला. लहानपणी आईच्या पाठीवर बसून डोंगर ओलांडला, तेव्हापासून गाव परत बघितलेलं नाही. आता कर्नाटकात वस्ती आणि हिवाळ्यात स्वेटरच्या मागं फिरणं.

तिचं नाव यांगचेन. तिची माणसं तिला आमा म्हणायची, मग आम्हीही म्हणायला लागलो. पुढच्या वर्षापासून हिवाळ्यात आमा आणि तिची भाची डेकी तुपे सरांच्या मागच्या खोलीत राहायला लागल्या. आणि सरांनी तिबेट मैत्री मंडळ काढलं. मंडळाचे सभासद तीन. एक सर. दुसरे शहागंजातले रजईवाले दाऊदभाई, जे उरलेल्या स्वेटरचे गठ्ठे उन्हाळाभर कडुनिंबाचा पाला घालून आपल्या दुकानात सांभाळतात. तिसऱ्या साळूकाकू. त्यांची सही सरांनी गॅसचा फॉर्म आहे असं सांगून घेतली होती.

मंडळाचं कार्य जोरात चाले. दर दहा मार्चला, तिबेटी लोक उठावाची आठवण काढतात त्या दिवशी, सर क्रांती चौकात फलक घेऊन उभे राहायचे. एका वर्षी एका माणसानं त्यांना मोमोचा गाडा कुठं आहे असं विचारलं. एका वर्षी वाहतूक पोलिसानं फलक थोडा डावीकडं घ्यायला सांगितला, सिग्नल झाकला जात होता म्हणून. सरांनी चिनी वस्तूंवर बहिष्कारही टाकला. त्यात घरातला टॉर्च गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं, आणि स्वतःच्या मोबाइलची पाळी आली तेव्हा बहिष्कार प्रतीकात्मक झाला. वर्तमानपत्रांना पत्रं, दिल्लीला निवेदनं, एक दिवसाचं उपोषण. उपोषणाच्या दिवशी काकूंनी मुद्दाम पुरणपोळी केली होती.

या सगळ्यानं तिबेटचं काय भलं झालं ते मला ठाऊक नाही. आमाला विचारलं तर ती हसायची आणि म्हणायची, “सर मानूस लई चांगला. बोलतो लई.”

यंदा जानेवारीच्या शेवटी बाजार उठायला आला होता. आमा स्टुलावर चढून वरचे स्वेटर काढत होती, ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टरांनी सांगितलं की सहा आठवडे प्रवास बंद, पण आठवड्याच्या आत वॉकर घेऊन पाऊल टाकायला लागायचं. एवढ्या वयात माणूस खाटेवर पडून राहिला की पडूनच राहतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाकीचे तिबेटी गठ्ठे बांधून निघून गेले. डेकी पंधरा दिवस राहिली, पण तिकडं तिच्या पोरीची परीक्षा होती. साळूकाकूंनीच तिला गाडीत बसवलं आणि आमाची जबाबदारी घेतली.

सरांनी वॉकर आणला. बुडाशी ‘मेड इन चायना’ छापलेलं होतं. आमाला वाईट वाटेल म्हणून त्यांनी ते ब्लेडनं खरवडून काढलं. आमानं ते आधीच वाचलं होतं. पण वॉकर चीनचा म्हणून नव्हे, ती मुळात उठायलाच तयार नव्हती. व्यायाम घेणारी मुलगी रोज यायची, गोड बोलायची, रागवायची आणि जायची. आमा भिंतीकडं तोंड करून पडलेली. मोडलेल्या पायाला ती आपला म्हणतच नव्हती. “तो पाय,” म्हणायची, कुण्या परक्याचा सामानात आलेला असल्यासारखा. जेवण निम्म्यावर आलं. मी कॉलेजातून आल्यावर जाऊन बसायचे, आणि खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती.

शेवटी एका संध्याकाळी काकूंनी तिच्याकडून काढून घेतलं. फेब्रुवारीत तिबेटी लोकांचं नवं वर्ष लागतं, लोसार. त्याच्या दोन दिवस आधी जुनं वर्ष घराबाहेर काढायचं असतं. घरातल्यांनी नऊ जिनसांचं गुथुक नावाचं गरम कालवण एकत्र बसून खायचं. कणकेची बाहुली करायची, आपलं दुखणंखुपणं तिच्यावर उतरवायचं, आणि दिवेलागणीला ती चौकात नेऊन ठेवायची. आमाच्या आयुष्यात एकही वर्ष हे चुकलं नव्हतं. डोंगर ओलांडून आल्यावर छावणीत पीठ नव्हतं, तेव्हा आईनं चिखलाची बाहुली केली होती. यंदा ती परक्या गावात खाटेवर पडलेली, आपलं माणूस जवळ नाही, मग बाहुली ठेवणार कोण? आणि हाड मोडणारं हे वर्ष घरातच राहिलं तर पुढं चालून उपयोग काय?

हे काकूंनी सरांना सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कणकेची बाहुली, चौक, दिवेलागण. इतकी वर्षं जे उचललं ते आता ठेवायचं. त्यांनी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि आमाला हाडाची झीज, कॅल्शियम आणि स्टुलाचा गुरुत्वमध्य समजावून सांगितला. आमानं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. मग ते बाहेर येऊन म्हणाले की तिच्यासाठी ते दिल्लीला जातील, परत उपोषण करतील, पण हे एवढं त्यांना सांगू नये. त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी पडेल.

काकू परात घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तिबेटसाठी क्रांती चौकात उन्हात उभं राहता, अन् आपल्या चौकात पिठाची बाहुली ठेवायला भेता व्हय?”

दुसऱ्या दिवशी सर दाऊदभाईंकडं सल्ल्याला गेले. रमजान तीन-चार दिवसांवर आलेला, दाऊदभाई दुकान आवरत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि सांगितलं, “सर, लोगां का उतारा तीस साल उठाए. एक रखने में क्या जाता तुम्हारा?”

मग सर कामाला लागले, म्हणजे लिहायला. त्यांनी चार पानी पत्रक तयार केलं. सदर बाहुली ही अंधश्रद्धा नसून निर्वासित समाजाच्या सांस्कृतिक परंपरेचा भाग आहे, सबब गल्लीतील नागरिकांनी गैरसमज करून घेऊ नये, वगैरे. पन्नास प्रती काढल्या. आमाला त्यांनी हो सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा त्यांच्याकडं वळली. पण तिचा विश्वास बसेना. बाहुली नेताना मागं वळून बघायचं नसतं, बघितलं तर वर्ष परत मागं येतं, ही मुख्य अट. आणि तुपे सरांना ‘नसतं’ म्हटलं की काय होतं हे तीस हिवाळे त्या घरात काढलेल्या बाईला वेगळं सांगायची गरज नव्हती. “सर बगनारच मागं,” ती मला म्हणाली. “त्यांना ऱ्हावनार नाय.”

मलाही तसंच वाटत होतं.

तो दिवस नेमका महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आला आणि संध्याकाळी अमावास्या लागत होती. म्हणजे गल्लीला बोंब मारायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. काकूंनी गुथुकाला हात घातला. आमा खाटेवरून सांगत होती आणि काकू करत होत्या. अर्ध्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, हे तर आपलं वरणफळच की. नऊ जिनसा भरेनात तेव्हा त्यांनी शेंगदाण्याचं कूट घातलं. आमानं डोळे मिटून घेतले, पण हरकत घेतली नाही.

त्यात एक गंमत असते. कणकेचे काही मोठे गोळे करून प्रत्येकात काहीतरी लपवायचं. मिरची निघाली तो बडबड्या, मीठ निघालं तो आळशी, लोकर निघाली तो मऊ मनाचा, कोळसा निघाला तो काळ्या मनाचा. मग सगळ्यांनी त्याला हसायचं. आमानं हे काकूंना नीट समजावलं होतं. मिरची, मीठ, कोळसा ताटलीत काढून ठेवलेलं मी स्वतः बघितलं.

आमाला उशीला टेकवून बसवलं. सर, काकू, दाऊदभाई आणि मी खाटेभोवती ताटल्या घेऊन बसलो. दाऊदभाईंनी गोळा फोडला. लाल लोकर. सगळे वाहवा म्हणाले. मी फोडला. लाल लोकर. माझ्या मनाचा मऊपणा बघून सरांना ठसका लागला. मग त्यांनी फोडला, लोकर. काकूंच्यात लोकर. आमानं आपला गोळा बोटांनी उघडला आणि त्यातून वीतभर लाल लोकर ओढून काढली. ती तिच्याच अर्धवट विणलेल्या मफलरची होती. सगळे काकूंकडं बघायला लागले.

“दारात आलेल्या मानसाला कोळसा कसा वाढू बाई?” काकू म्हणाल्या. त्यांनी सगळ्या गोळ्यांत लोकरच भरली होती. पाहुण्याला कोळसा वाढणं त्यांच्या माहेरच्या सोयगावात बसत नव्हतं, आणि तिबेटातलं असलं म्हणून ते त्यांच्या हातून होणार नव्हतं.

आमा हसली. आधी नुसती खांदे हलवत, मग तोंडावर पदर घ्यावा तसा स्वेटरचा हात धरून. तीन आठवड्यांत ती हसलेली नव्हती. दाऊदभाई दातांतून लोकर ओढत होते ते बघून तिला आणखी हसू यायला लागलं. हसता हसता ती म्हणाली की सगळेच चांगले निघाले तर बाहेर काय काढायचं, घरात काहीतरी वाईट पाहिजे की. तेव्हा सरांनी ताटलीतला कोळसा उचलला आणि आपल्या ताटात ठेवला. एवढ्या वर्षांत लोकांची एवढी लिंबं नेलीत, कोळसा आपलाच, असं ते म्हणाले. हे त्यांनी चेष्टेत म्हटलं, पण मला ते आवडलं.

मग प्रत्येकानं कणकेचा तुकडा घेऊन जिथं दुखतं तिथं दाबायचा. दाऊदभाईंनी कंबरेला लावला, काकूंनी गुडघ्याला. आमानं आपला तुकडा खुब्यावर बराच वेळ धरून ठेवला. बोटांचे ठसे उमटलेले ते तुकडे बाहुलीभोवती जुन्या परातीत ठेवले, त्यावर उरलेलं वरणफळ घातलं. जुनं वर्ष हाकलायला काकूंनी गवताची पेंडी पेटवली आणि ती खोल्याखोल्यांतून फिरवली. पेंडी लवकर पेटावी म्हणून त्यांनी आत कागद गुंडाळले होते. ती सरांची पन्नास पत्रकं होती. सरांना ते कळलं तेव्हा निम्मी भूमिका जळून गेली होती.

सर परात घेऊन फाटकाबाहेर पडले. उंच, वाळकुडे, अंगात आमाकडून घेतलेला जाड स्वेटर, कपाळावर घाम. काकू पेटती पेंडी घेऊन बरोबर. चौक त्या फाटकापासून चाळीस-पन्नास पावलांवर. आणि चौकात कडुबाअण्णा उभे.

कडुबाअण्णा म्हणजे आमच्या गल्लीचे अध्यक्ष. सरांनी सगळ्यात जास्त लिंबं कुणाची खाल्ली असतील तर त्यांची. ते या दिवसाची किती वर्षं वाट बघत असतील देव जाणे. त्यांच्यामागं आठ-दहा माणसं जमली आणि अण्णांनी मोबाइल वर धरून चित्रीकरण सुरू केलं. सर, नारळ राहिला का, असं त्यांनी विचारलं. हशा पिकला. एकतीस वर्षांच्या थर्मामीटरचं काय झालं, असं कुणीतरी मागून म्हणालं. सरांनी मान खाली घातली आणि चालत राहिले. मी फाटकाच्या आत उभी होते. मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, त्यातल्या दोघांकडं माझं चहाला येणं-जाणं असूनही.

तेवढ्यात माझ्यामागं फरशीवर टक असा आवाज झाला.

आमा होती. वॉकर धरून उभी. खोलीतून व्हरांडा, व्हरांड्यातून दोन पायऱ्या, तिथून अंगण. ती कशी आली मला आजही सांगता येणार नाही. चेहरा पांढरा पडलेला. मी धरायला गेले तर तिनं मला डोळ्यांनीच लांब राहायला सांगितलं. आणखी तीन पावलं टाकली आणि फाटकाला येऊन टेकली. तिची नजर सरांच्या पाठीवर.

चौकातला हशा बंद पडला. सगळ्यांची तोंडं सरांच्या फाटकाकडं वळली होती. ही बाई तीन आठवडे अंथरुणातून उठली नव्हती हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. निम्म्या घरांतून तिच्यासाठी डबे आले होते, अण्णांच्या घरूनही. अण्णांचा मोबाइल हळूहळू खाली आला.

“सर,” अण्णा म्हणाले, “मागं बघा.”

सर थांबले. त्यांच्यापासून चौकाचा मध्य अजून पाच-सहा पावलं होता.

“सर, खरंच सांगतो. एकदा मागं बघा.”

“बघायचं नसतं,” सर म्हणाले.

ते फाटकापर्यंत ऐकू आलं. ते पुढं गेले, वाकले, परात चौकाच्या मधोमध ठेवली. काकूंनी पेंडी तिच्याशेजारी टाकली. कुणीही हसलं नाही. आमानं श्वास सोडला आणि मला म्हणाली, “चल आत. माझा पाय लई दुकतो.”

मी तिला आत नेऊन खाटेवर टेकवलं. काकू आल्या, दाऊदभाईंनी चहा ठेवला. सर काही येईनात. अर्ध्या तासानं ते मागच्या दारानं आत आले. बाहुली ठेवून झाल्यावर मागं बघितलं तर चालतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं. म्हणून ते सरळ पुढंच चालत गेले होते आणि दोन गल्ल्यांना वळसा घालून मागच्या बोळातून घरी पोहोचले होते. स्वेटर घामानं भिजलेला. कडुबाअण्णा त्यांना उगाच चिडवत होते, अशी त्यांची पक्की समजूत.

आमा पांघरूण घेऊन पडली होती. भिंतीकडं तोंड नव्हतं.

“सर, मागं बगितलं का?” तिनं विचारलं.

“नाही,” सर म्हणाले. “शप्पथ नाही.”

“म्हाईत हाय,” आमा म्हणाली. “मी बगत व्हते की.”

त्या खोलीला रस्त्याच्या बाजूला खिडकी नाही. चौक फक्त फाटकातून दिसतो. घर सरांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय, त्यामुळं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी वॉकरकडं बघितलं. त्याच्या पायांना अंगणातली माती लागली होती. मग ते खाटेच्या कडेला बसले आणि चष्मा न काढता, आम्हा सगळ्यांसमोर, खुशाल रडले.